नटावरची पांढरी रेघ

१२ जानेवारी, रविवार

चाक निघालं नाही. पण निघालंच असतं! अक्षर कसलं आलंय, कोंबडी नाचून गेल्यासारखं. हात अजून ठिकाणावर नाहीत.

शर्यत अर्धी झाली होती. पिवळा पुढे, मी त्याच्या शेपटाला. (क्लबातला गुरांचा डॉक्टर. गाडी पिवळी, शर्ट पिवळा, हेल्मेटही पिवळं. खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल.) 'कोपर' म्हणतो त्या वळणावर स्टिअरिंग हातात फडफडायला लागलं. आधी वाटलं, टायर गेला. मग डावीकडून खडखड — पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. कोपरानंतर लांब सरळ रस्ता, तिथे गाडी सगळ्यात जोरात पळते. तिथेच मी पाय उचलला. का उचलला, सांगता येणार नाही. सगळे मला टाकून पुढे गेले आणि मी रांगत रांगत पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, आले.

पुढचं डावं चाक. चारही नट बोटांनी फिरत होते. बोटांनी! एक तर शेवटच्या आट्यावर होता.

आणि प्रत्येक नटावर अप्पांची पांढरी रेघ.

आमच्या क्लबात ही जुनी पद्धत. नट पुरता आवळला की आवळणाऱ्याने रंगाच्या पेनने त्यावर रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट जरा फिरला तरी रेघ तुटते, लांबून दिसतं. पण खरी गोष्ट वेगळी आहे. रेघ म्हणजे आवळणाऱ्याने दिलेला शब्द. रेघ असलेल्या नटाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. लावला तर त्याच्या तोंडावर 'तू खोटारडा' म्हटल्यासारखंच.

अप्पा चाकाशी उकिडवे बसले. नट हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "मी आवळले होते. टक् वाजलं होतं."

चारपाच जण भोवती उभे होते. सगळ्यांना एकदम आपापले बूट बघावेसे वाटले. अप्पा माझे सासरे, त्यांची अशी अवस्था कुणी बघितलेली मला सहन होत नाही. चाकापेक्षा तेच जास्त लागलं.

१३ जानेवारी, सोमवार

मी घरी बोलणार नव्हते. पिवळ्याने फोन केला, "वहिनी बऱ्या आहेत ना?" झालं! नवरोबांनी भांडी घासता घासता सगळं काढून घेतलं माझ्याकडून.

"चाक? अगं, चाक म्हणतेयस तू! आरसा नाही, बंपर नाही, चाक!"

"हळू बोल, अप्पा आत आहेत."

"मी हळूच बोलतोय. त्यांचं वय झालंय हे हळू बोलून बदलणार आहे का? घरात एक मुलगी आहे, लक्षात आहे ना?"

शेवटी हुकूम सुटला. आणखी एक नट सैल निघाला की गाडी विकायची आणि गॅरेजच्या किल्ल्या त्याच्याकडे. मी म्हटलं, मग अप्पा काय करतील? "इतरांचे वडील काय करतात?" मला माहीत आहे काय करतात. बाल्कनीत बसतात आणि कुणी खालून हात केला की खूश होतात.

सासूबाई गेल्यानंतरचं ते वर्ष हा विसरला, मी नाही विसरले. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायला हाक मारली तर "ठेव." एवढंच. मग मी ही गाडी आणली, म्हणजे तिचा सांगाडाच, ट्रकवर घालून. दारात उतरवली तर अप्पा पायजम्यावर बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिचं काय झालंय?" कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न!

मी शर्यतीत गाडी चालवते हे लोकांना विशेष वाटतं. विशेष अप्पा आहेत. त्या माणसाने मला ब्रेक कुठे मारायचा ते टेबलावर मिठाची डबी सरकवून शिकवलं. आणि आता त्यांनीच आवळलेलं चाक.

भीती वाटते. मला माझ्या जिवाची वाटते आणि त्यांच्या गॅरेजची वाटते. दोन्ही एकदम वाटतात.

१४ जानेवारी, मंगळवार

पाण्याचा पंप परत बंद. डिसेंबरात नवरोबांनी स्वतः दुरुस्त केला होता, "प्लंबर कशाला, देवाने हात दिलेत!" त्या हातांची कीर्ती आम्ही पंधरवडाभर ऐकली. आज प्लंबर आला, बघून नुसता हसला.

गॅरेजमध्ये गेले तर हत्यारांच्या खणाला कुलूप. अप्पा म्हणाले, गेल्या महिन्यापासून लावतायत, कुणीतरी त्यांची हत्यारं हलवतं. नवरोबा हे ऐकून माझ्याकडे असा बघायला लागला! "उगाच संशय घेणं. हेही लक्षणच असतं, माहितेय?"

माहितेय. मलाही तेच वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तमाशा. वरच्या वॉर्डातल्या डॉक्टरबाई फोनवर कडाडल्या, "काय गं, आमच्या सगळ्या पेशंटना एका सकाळीत मधुमेह झाला का?" बघते तर खरंच, सगळ्यांची साखर चढलेली. माझी जोडीदारीण घाबरीघुबरी, ट्रे घेऊन परत रक्त काढायला निघाली. मी तिला दारातच अडवलं. म्हटलं, बाई, थांब! आकडे विचित्र आले की आधी यंत्राला विचारायचं, मग माणसाला. सगळेच सारखे चढलेत म्हणजे माणसं कशी बिघडतील?

कंट्रोल लावलं, म्हणजे ज्याची साखर आधीच ठाऊक असते तो नमुना. तोही चढलेलाच! यंत्र बिघडलेलं होतं. रोज सकाळी कंट्रोल लावल्याशिवाय पेशंटच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि आज ती नेमकी विसरली. दुपारी तिने चूक कबूल करून सगळ्यांना कॉफी पाजली.

हसून हसून पोट दुखलं. या आठवड्यातलं पहिलं हसू.

१८ जानेवारी, शनिवार

पिवळ्याच्या दवाखान्यात गेले. एका बकरीचा पाय धरून बसला होता. मी म्हटलं, डॉक्टर, तुमचा टॉर्कचा पाना काही दिवस देता का? (साधा पाना कुणीही देईल. टॉर्कच्या पान्यावर जोर ठरवून ठेवता येतो, तेवढा जोर लागला की तो 'टक्' करतो. त्या 'टक्'वरच आम्ही सगळे जगतो.)

"अप्पांकडे आहे की!"

"खणात आहे. कुलपात."

तो बकरीकडे बघत म्हणाला, "अप्पांना सांगायचं नाही, असंच ना?"

"नाही सांगायचं."

"वहिनी, रेघेवर पाना लावणार?"

मी नुसता हात पुढे केला. त्याने दिला पाना. पण मान हलवत दिला.

१९ जानेवारी, रविवार

केलं.

अप्पा फिरायला गेले. मी गॅरेजचं दार आतून लावलं. चोरी करतोय असं वाटत होतं, आणि वाटत होतं काय, होतीच. पिवळ्याचा पाना ठरलेल्या आकड्यावर लावला आणि पहिल्याच नटावर ठेवला. देवा, हा तरी हलू नये!

हलला. साधारण पाव फेरा फिरला, मग टक्.

दुसरा फिरला, तिसरा फिरला. चारही चाकांचे सगळे नट फिरले. ब्रेकचे बोल्टसुद्धा. सगळे सारखेच, थोडे थोडे. म्हणजे हे नुसता पाना टेकवतात आणि रेघ मारतात? गेल्या रविवारनंतर सगळं नव्याने आवळलंय त्यांनी. माझ्या देखत! मी कपाळाला हात लावून जमिनीवरच बसले.

नट फिरले की रेघा तुटणार, तुटल्या की त्यांना कळणार. म्हणून थिनरच्या फडक्याने सगळ्या पुसल्या आणि नव्या काढल्या. त्यांच्याच पेनने. पेन शोधताना जीव मेटाकुटीला आला. अप्पा डावखुरे, त्यामुळे गॅरेजमधली प्रत्येक वस्तू उलट्या बाजूला टांगलेली, मला तिथे धड पक्कडसुद्धा सापडत नाही. पेन टेकवलं की आधी एक जाड ठिपका पडतो, मग रेघ ओढली जाते. त्यांच्यासारखीच आखूड काढायची, लांबवायची नाही. हुबेहूब जमली! स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि लगेच किळस आली.

२० जानेवारी, सोमवार

सांगायला हवं. उद्या सांगते.

२१ जानेवारी, मंगळवार

नाही सांगितलं. आज ते शीळ वाजवत होते. शीळ वाजवणाऱ्या माणसाला कसं सांगणार?

२ फेब्रुवारी, रविवार

सराव. गाडी झक्कास पळाली, कुठे हूं नाही की चूं नाही. नवरोबा मुद्दाम बघायला आला होता. कुंपणाला टेकून, हाताची घडी घालून, परीक्षक असल्यासारखा. प्रत्येक फेरीनंतर चाकांकडे नजर. शेवटी अप्पांना म्हणाला, "बरं झालं हो या वेळी." त्या 'या वेळी'ने अप्पांचा चेहरा उतरला.

आता माझी पद्धतच पडून गेली आहे. अप्पा आवळतात, रेघा मारतात. ते बाहेर गेले की मी पुसते, आवळते, रेघा मारते. दर वेळी नट फिरतात. एकदाही, एक नटसुद्धा, पुरता आवळलेला सापडला नाही.

सरावानंतर अप्पा पुढच्या डाव्या चाकाशी बसले होते. नटांवरून अंगठा फिरवत होते. एकेका रेघेवरून. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी वर बघितलंच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज विचारलं त्यांनी.

मी कामावरून आले, गॅरेजमध्ये डोकावले. ते चाकासमोर स्टुलावर बसून होते. हातात काही नाही. दिवा लावलेला, रेडिओ बंद.

"काल मी ही चाकं चढवली. आवळली, खुणा केल्या. त्यानंतर परत एकदा मी हे केलं का गं?"

तेव्हा बोलायचं होतं. जागा होती, वेळ होती, घरात कुणी नव्हतं. इतकं सरळ कुणी विचारतं का कुणाला! आणि मी काय म्हणाले?

"हो, अप्पा. संध्याकाळी परत आवळलेत ना तुम्ही. विसरलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ. मग म्हणाले, "असेल." आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

'विसरलात' कशाला म्हणाले मी? 'हो' पुरलं असतं. जीभ झडली कशी नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

नवरोबाने अप्पांना डॉक्टरकडे नेलं. डोक्याच्या. मला वाटलं होतं अप्पा चिडतील. निमूट गाडीत बसले. तेच मला खुपलं. भांडायला हवे होते.

मीही गेले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग म्हणाले, एक घड्याळ काढा, आत्ताची वेळ दाखवा. अप्पांनी डाव्या हाताने सुबक घड्याळ काढलं, मिनिटकाट्याला बाणसुद्धा. डॉक्टर म्हणाले, वेळ जरा चुकली. अप्पा म्हणाले, "माझी नाही. तुमचं भिंतीवरचं मागे पडलंय." डॉक्टरांनी मनगट बघितलं. खरंच मागे पडलं होतं!

मला हसू फुटलं. नवरोबा हसला नाही. निघताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "वयाच्या मानाने ठीक आहेत. पण लक्ष ठेवा." परत येताना अर्धी वाट तो तेवढंच घोकत होता. लक्ष ठेवा म्हणाले, लक्ष ठेवा म्हणाले. मी तर ठेवतेच आहे. पाना घेऊन ठेवते आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अप्पांनी पेन माझ्या हातात दिलं. पांढरं. त्यावरच्या पट्टीवर त्यांच्या बोटांचं काळं ग्रीस वाळलेलं.

"आता हे तुझ्याकडे ठेव. शेवटच्या शर्यतीचं तूच सगळं आवळ."

"अहो, पण अप्पा —"

"ज्याला आत बसायचंय त्याचा ज्या हातावर भरवसा, त्या हाताची रेघ हवी."

एवढंच. रडणं नाही, रागावणं नाही. आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

सुटल्यासारखं वाटलं मला. लिहूनच ठेवते, खोटं कशाला! आता चोरून काही करायला नको, असं वाटलं. आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नवरोबा खूश. "बघ, त्यांनाच कळलं. भांडणतंटा न होता." लेकीने मात्र विचारलं, "आजोबा आता गॅरेजमध्ये का जात नाहीत?" मी तिचं दप्तर आवरायला घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या शेवटची शर्यत. पिवळा आणि मी गुणांनी बरोबरीत. जो पुढे येईल त्याचा वर्षाचा कप. एरवी आज मी नाचले असते.

दुपारभर एकटीने गाडी केली. तेल, ब्रेक ऑइल, पट्टे, मग चाकं. प्रत्येक नट पिवळ्याच्या पान्याने आवळला. या खेपेला रेघा उघडपणे माझ्या. अप्पा एकदा दारात आले. मला वाटलं, आता म्हणतील 'मागचा टायर बघ जरा.' कुठलं काय! दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसले आणि परत गेले. आत न येताच.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी मैदानावर पिवळा आला. "वहिनी, माझा पाना? चाकं बदलायचीत." पाना माझ्या पिशवीत होता. अप्पा शेजारीच उभे. बाहेर काढला तर ते विचारणार, हा इथे कसा? आणि मी म्हणाले, "घरी राहिला हो, डॉक्टर." हसून म्हणाले!

पिवळा वळला. "मग अप्पा, तुमचा द्या."

अप्पांचा चेहरा उजळला. कुणीतरी त्यांच्याकडे काही मागितलं होतं. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं, फडक्यात गुंडाळलेला पाना काढला, पुसून दिला. पिवळ्याने स्वतः चाकं आवळली, स्वतः निळ्या रेघा मारल्या. मी बघत होते. टक्. टक्. टक्. मनात म्हटलं, चला, निभावलं.

शर्यत. पिवळा पुढे, मी मागे, मधे हातभर अंतर. दर कोपराला मी नाक घालायची, दर वेळी तो दार लावायचा. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या आणि मला ते दिसलं. त्याचं पुढचं डावं चाक. ते डुलत होतं. मागून बघणाऱ्यालाच कळावं इतकंच. मला कळलं, कारण ते थरथरणं माझ्या हातांत अजून आहे.

मी दिवे मारले. त्याला वाटलं, वाट मागतेय. त्याने आणखी जोर केला! पुढे कोपर, मग तो सरळ रस्ता. मी आतल्या बाजूने घुसले, त्याच्या बरोबरीला आले, आणि खिडकीच्या जाळीवर हात आपटून खाली दाखवलं. चाक! चाक! ओरडत होते, ऐकू कुणाला जाणार? त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. त्याने पाय उचलला.

गाडी गवतावर गेली आणि चाक निघालं. गाडीच्याही पुढे, उड्या मारत, कुंपणापर्यंत. कुंपणाला अप्पा उभे होते. चाक त्यांच्यापासून चार हातांवर जाळीत रुतलं.

लाल झेंडा. शर्यत बंद. कप कुणाला ते क्लबवाले ठरवतील, मला त्याचं काही नाही.

पिवळा धडधाकट. हेल्मेट काढून चाकाकडे धावला. राहिलेल्या उजव्या चाकाचेही नट बोटांनी फिरत होते, निळ्या रेघा तुटलेल्या. तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "अहो, मी स्वतः आवळले होते. टक् वाजलं होतं!"

हेच शब्द. अगदी हेच.

या वेळी कुणी बूट बघितले नाहीत. सगळे पान्याकडे बघत होते. क्लबच्या तपासनिसाच्या टेबलावर पाने तपासायचं एक यंत्र असतं, वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही. त्याने धूळ झटकली, अप्पांचा पाना त्यावर चढवला. ठरवलेल्या जोराच्या निम्म्याला जेमतेम पोचला आणि टक्. परत लावला. परत तिथेच टक्.

कंट्रोल! रोज सकाळी, हात धुतल्यावर पहिलं काम. आधी यंत्राला विचारायचं, मग माणसाला. सगळे नट सारखेच फिरत होते, सगळे, दर वेळी! विसरणाऱ्या माणसाच्या हातूनही एखादा तरी नट पुरता आवळला जातोच. हे मला दिसलं नाही. दुसरीला दारात अडवून शिकवणारी मी! पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर पाना त्याच दिवशी टेबलावर गेला असता. आज एका माणसाचा जीव गेला असता आणि कुंपणापाशी दुसऱ्याचा.

अप्पांनी पाना परत घेतला. फडक्यात गुंडाळला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना नवरोबाला सगळं सांगितलं. पाना निम्म्यातच टक् करतो. अप्पांची काही चूक नाही, कधीच नव्हती.

त्याचा घास थांबला. "कुठला पाना? तो लांब दांड्याचा?"

"हो."

मग कळलं. डिसेंबरात पंपाचा गंजलेला बोल्ट सुटेना, तेव्हा अप्पा झोपलेले असताना यानेच तो पाना गॅरेजमधून नेला. बोल्ट तरीही सुटेना म्हणून दांड्यावर उभा राहिला. उड्या मारल्या! आतून काहीतरी कटकन वाजलं म्हणे. पुसून जागेवर ठेवून दिला. आणि त्यानंतर अप्पांनी कुलूप लावलं तेव्हा हाच म्हणाला होता, संशय हे लक्षण असतं!

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण कुठल्या तोंडाने? त्याने पाना बिघडवला. बाकीचं मी केलं.

तो उठून अप्पांच्या खोलीत गेला. दार लावलं. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "ते रागावलेच नाहीत गं. उलट मला म्हणाले, तू जेवलास का?"

माझं सांगणं अजून राहिलंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगितलं. रेघा मी पुसत होते, अप्पा. नव्या मीच काढत होते, तुमच्यासारख्या.

"माहीत आहे," म्हणाले. "माझ्या रेघेचं जाड टोक उजवीकडे येतं. तुझं डावीकडे. पहिल्याच खेपेला दिसलं होतं."

मग मला कशाला विचारलंत, हे मी परत केलं का म्हणून?

"खात्री करून घ्यायला. तू हो म्हणालीस. डोळ्यांना दिसत होतं एक, तू सांगत होतीस दुसरं. तू काही माझ्याशी खोटं बोलायची नाहीस. म्हटलं, म्हणजे डोकंच गेलं आपलं."